न लागलेलं दही

१

मैना गेली त्या दुपारी मी दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं आणि औषधांच्या कपाटासमोर बसून राहिलो.

बाळंतपणानंतरचा ताप. पूर्वी हा ताप आला की माणसं आधी भगताला बोलवत, मग डॉक्टरला, आणि उपयोग दोघांचाही सारखाच व्हायचा. मग पेनिसिलीन आलं. १९५८ साली आम्हा खेड्यातल्या डॉक्टरांना त्या बोटभर बाटलीबद्दल काय वाटायचं, हे आज सांगून कुणाला पटायचं नाही. चिमूटभर पांढरी पूड, त्यात जरासं पाणी, एक सुई, आणि काल ज्याच्या तिरडीसाठी माणसं बांबू तोडायला निघाली होती तो आज उठून पेज मागायचा. मी देवळात फारसा जाणारा माणूस नाही. पण ती बाटली हातात घेताना मला देवळात गेल्यासारखं वाटायचं, हे खरं.

ते औषध मैनाला मी स्वतःच्या हाताने, वेळच्या वेळी दिलं होतं. तरी ती गेली.

चिखल्याच्या मच्छीमार आळीत चंदर तांडेल राहतो. मैना त्याची धाकटी बहीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं पोर वाचलं, शेळीच्या दुधावर होतं. तिला पोचवून माणसं किनाऱ्यावरून परतली आणि चंदरने माझ्या दारावर थाप मारली.

"डाक्तर, मालूलाबी ताप भरलाय."

मालू चंदरची बायको. तीही नुकतीच बाळंत झाली होती. सुईण तीच, खोली तीच, आता तापही तोच.

"येतो," मी म्हटलं.

चंदर उंबऱ्यातच उभा राहिला. उधाणातून होडी काढणारा तो गडी, पण आत पाऊल टाकेना. "आता कुठली सुई देणार? मैनाला दिली तीच?"

दक्षिणेला वैतरणा फुगली होती, उत्तरेला दमणगंगा. गाड्या बंद, तलासरीकडचा रस्ता पाण्याखाली. मुंबईला तार गेली होती, पण तारेतून औषध येत नाही. कपाटातली ती एक पेटी, एवढंच माझ्याकडे होतं. आणि त्या पेटीवरचा माझा विश्वास त्या दुपारी उडाला होता.

२

अशा वेळी डहाणूत माणसं फौजदाराकडे जात नसत, हिरकणीबाईंकडे जात.

बाई मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. निम्म्या तालुक्याच्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे निम्म्या तालुक्याची गुपितं त्यांना ठाऊक. कुठल्याही घरात त्या शिरल्या की घरची सून आधी उभी राहायची आणि मग खरं बोलायची. मला त्या लहानपणापासून ओळखत आणि मी डॉक्टर झालो ही गोष्ट त्यांनी अजून फारशी मनावर घेतली नव्हती.

"औषध खोटं असेल असं वाटतं ना तुला, अमृत?" माझं सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "मग पेटी आण इकडे. कुठून आली ही?"

"अण्णांनी मुंबईहून आणली. नेहमी तेच आणतात."

अण्णा म्हणजे चिकूच्या सर्वांत मोठ्या वाडीचे मालक आणि आमच्या दवाखाना मंडळाचे अध्यक्ष. वर्गणी तेच गोळा करत, चिकूच्या कामासाठी मुंबईला गेले की औषधं तेच आणत. शिवाय माझ्या घरी रोज सकाळी त्यांच्या गोठ्यातलं म्हशीचं दूध यायचं, फुकट. त्यांच्याबद्दल शंका घेणं म्हणजे गावच्या ग्रामदेवतेबद्दल शंका घेणं.

"पेटी मधे कुणाकुणाच्या हाताखालून जाते?"

"माझा कंपाउंडर गणू. आणि क्वचित कमी पडलं तर स्टेशनाजवळच्या तुळशीदास शेठच्या दुकानातून बाटल्या आणतो."

"आणि लोक कुणाचं नाव घेतायत?"

मला सांगायलाही लाज वाटत होती. "चंदरचं. म्हणतात, तो होडीतून दमणचा चोरटा माल आणतो. फिरंग्यांच्या हद्दीतून घड्याळं येतात, दारू येते, तसं औषधही आलं असेल."

"स्वतःच्या बहिणीला मारायला?" बाई उठल्या. "आणि होड्या जेठापासून वाळूवर माडाच्या झापांखाली झोपल्यात. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात पाय घालणार नाहीत. ही पेटी नंतरची. चंदरला सोड. चल, शेठकडे."

तुळशीदास शेठने आम्हाला पाहताच हात जोडले. "बेन, देवाची शपथ, पेनिसिलीन मारे दुकानात दोन महिन्यांत आलाच नाय! रिकामी शीशीसुद्धा मिळत नाय आता. पहेले पाड्यावरच्या बायका काजळ ठेवायला मागून न्यायच्या. आता वाडीवरची माणसं येतात ने सगळ्या घेऊन जातात."

"कुठल्या वाडीवरची?"

"ते कोण विचारते, बेन? इकडे तो सगळी वाडीच वाडी छे."

परत आलो तर गणू दवाखान्यात सुईच्या पिचकाऱ्या उकळत बसला होता. रिकाम्या बाटल्यांचं विचारताच त्याचा चेहरा पडला. "धुऊन देतो, बाई. चिकूवर घालायचं औषध भरायला नेतात. वाडीवरचे मुकादम येतात, सगळ्यांचेच. कचऱ्यातल्या बाटल्या, त्यात काय वाईट?"

"काचेत काही वाईट नसतं रे," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाटली खरी, वरचा कागद खरा, बूच कुणीतरी बसवलेलं. आत काय आहे ते कळल्याशिवाय मालूला काहीही टोचू नकोस."

"ते कळायला मुंबईची प्रयोगशाळा लागते, बाई."

"तुझ्याकडे विरजण आहे का?" बाईंनी विचारलं.

३

मला वाटलं, वयाचा परिणाम.

"हसू नकोस. मी गृहशास्त्राच्या वर्गाला गेले होते तेव्हा एका दुग्धशाळेतले साहेब व्याख्यान द्यायला आले होते. गाईला पेनिसिलीन टोचलं, तर काही दिवस तिच्या दुधाचं दही लागत नाही म्हणाले. दही म्हणजे जंतूंचीच करामत. पेनिसिलीन जंतूंना मारतं, त्यात बिचाऱ्या विरजणाचे जंतूही मरतात. त्याला भला आणि बुरा कळत नाही."

मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. इतकी वर्षं डॉक्टरी केली आणि इतकी वर्षं दही खाल्लं, पण ह्या दोन गोष्टी एका ताटात आहेत हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही कामाला लागलो. माझ्या बायकोने, चंपाने, दूध कोमट केलं आणि वाट्या मांडल्या. पेटीतल्या प्रत्येक बाटलीतली पूड मी पाण्यात विरघळवली आणि थेंबथेंब एकेका वाटीत सोडली. चंपाने सगळ्यांत विरजण घातलं. शेवटी बाईंनी एक वाटी औषधाशिवायच ठेवायला लावली.

"ही कशाला?" चंपाने विचारलं.

"वर्गात एक साधी मुलगी असावी लागते," बाई म्हणाल्या. "नाहीतर हुशार कोण हे कसं कळणार?"

"दह्याचं काही खरं नाही बाई आठवडाभर," चंपा म्हणाली. "ह्या दमट हवेत लागतच नाही. शेजारणीकडून ताजं विरजण आणलं, तरी दूध आपलं पाण्यासारखंच."

बाईंनी मान डोलावली. निघताना प्रत्येक बाटलीतले दोन-दोन थेंब त्यांनी छोट्या कुप्यांत भरून घेतले. "माझ्या घरीही लावते. एका परीक्षकाच्या मार्कांवर मी कधी मुलीला पास केलं नाही."

दुपारी वाट्या पाहिल्या. पहिली हलवली, दूध हललं. दुसरी, तिसरी, तसंच. एकाही औषधाच्या वाटीत दही नव्हतं!

मला हुंदका आला. औषध खरं होतं. मैनाचं मरण तिच्या नशिबातलं होतं, पेटीतलं नव्हतं. मी पिचकारी उचलली आणि चिखल्याच्या वाटेने अक्षरशः धावत सुटलो.

मालू ग्लानीत होती. चंदर तिच्या उशाशी, कोपऱ्यात त्याची म्हातारी आई मैनाचं पोर मांडीवर घेऊन बसलेली. मी सुई दिली. "ह्या वेळी खात्री आहे," मी चंदरला सांगितलं. त्याने माझे पाय धरले.

संध्याकाळ कलली तसा मालूचा ताप आणखी चढला आणि ती मैनाशी बोलू लागली. मैना कुठेच नव्हती.

४

घरी आलो तर ओसरीवर बाई बसलेल्या. समोर त्यांनी घरून आणलेल्या वाट्या होत्या. त्यांनी एक वाटी उचलली आणि उलटी केली. दही वाटीला घट्ट धरून राहिलं.

"सगळ्या अशाच. दगडासारखं लागलंय."

"हे कसं शक्य आहे? माझ्याकडे एकही लागलं नाही! औषध तेच, थेंब तेच."

"तेच मीही विचारतेय."

एकाच बाटलीतले थेंब एका घरात दही लागू देतात आणि दुसऱ्या घरात अडवतात! क्षणभर मला खरंच भीती वाटली. आमच्याकडे अशा गोष्टीला लोक दृष्ट म्हणतात, करणी म्हणतात, आणि त्या संध्याकाळी मी त्यांना हसलो नसतो.

बाई मात्र चंपाकडे पाहत होत्या. "ती साधी मुलगी कुठाय? बिनऔषधाची वाटी?"

चंपा आत गेली आणि वाटी घेऊन बाहेर आली. तिने वाटी तिरकी केली. दूध काठावरून सांडलं.

"हिच्यात काहीच घातलं नव्हतं," चंपा पुटपुटली.

"घातलं होतं," बाई म्हणाल्या. "आपण नव्हतं घातलं एवढंच."

मला एकेक आठवू लागलं. चंपाची आठवडाभराची तक्रार, ताजं विरजण, पाण्यासारखं दूध. हवा दमट नव्हतीच. आम्ही ज्या खऱ्या औषधासाठी तळमळत होतो, ते रोज सकाळी आमच्या दारात येत होतं, चहात पडत होतं, आम्ही ते पीत होतो.

"पेटीतलं औषध खोटं," बाईंनी सांगितलं. "सगळ्या बाटल्या. माझ्या गाईचं दूध खोटं बोलत नाही. आणि खरं औषध तुझ्या दुधात आहे. दुधात ते म्हशीतून येणार, म्हशीत सुईतून. दूध कुणाच्या गोठ्यातलं?"

"अण्णांच्या," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "पण बाई, त्यांनी ढोरांच्या डॉक्टरकडून सरळ मार्गाने आणलं असेल. माणूस म्हशीवर उपचार करतो, त्यात गुन्हा काय?"

"काहीच नाही. म्हणून आधी विचारायचं. खरं सांगितलं तर औषध मागून घ्यायचं आणि त्यांची क्षमा मागायची."

"आणि खोटं सांगितलं तर?"

बाईंनी पदर खोचला. "पेटी आणि पिचकारी बरोबर घे."

५

अण्णा गोठ्यातच होते. मेहसाण्याहून आणलेली त्यांची ती म्हैस, पुतळी, कंदिलाच्या उजेडात चकाकत होती. तिच्या तोलाचं जनावर तालुक्यात नव्हतं.

"या, बाई! डॉक्टर, मालूचं कसं आहे?" अण्णांच्या आवाजात खरी काळजी होती. हेच मला अजून कोडं वाटतं. ती काळजी खोटी नव्हती.

"बरी नाही," बाई म्हणाल्या. "पुतळीलाही बरं नव्हतं ना मधे?"

"कासेला सूज आली होती. आता उतरली."

"काय दिलंत?"

"हळद, लोणी, निर्गुडीचा शेक. आमच्या आजोबांचा उपाय."

"सुई नाही दिली? ढोरांच्या डॉक्टरला नाही बोलावलंत?"

"छे हो! पुरात कोण येतोय?" अण्णा हसले. "निर्गुडीसारखं औषध नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पुतळीच्या कासेवर हात ठेवला. "सूज अजून आहे, अण्णा. कढत लागतंय. अमृत, दवाखान्याची पेटी आहे ना तुझ्याकडे? दे हिला एक सुई."

"माणसांचं औषध जनावराला?" अण्णा म्हणाले. "नको, नको. कुणा गरिबाच्या कामी येईल."

"ह्या जनावराच्या दुधावर गावातली किती घरं आहेत. आणि पेटी तर तुम्हीच आणून दिलीत. दे रे."

मी पूड विरघळवली. पिचकारीत ओढली. म्हशीच्या पुठ्ठ्यावर कापूस फिरवला. अण्णांचा श्वास मला ऐकू येत होता. मी सुई टेकवली, आणि त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की माझी बोटं बधिर झाली.

"थांबा. हे नका टोचू. मरेल ती."

मी सुई बाजूला घेतली. पुतळी शांतपणे रवंथ करत होती.

"हेच तुम्ही मैनाला टोचू दिलंत," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शाळेत त्यांच्या ह्या आवाजाला मुली रडायच्या. "हेच आज मालूला टोचलं गेलं. म्हैस मरेल हे तुम्हाला कळतं, अण्णा?"

"मी कुणाला मारलं नाही. नुसती खळ असते त्यात, पिठाची. त्याने कुणी मरत नाही. माणसं तापाने मरतात." आणि मग, फार हळू, "पुतळीला ती घाण बाधली असती."

त्यांच्या मागे दारात त्यांची बायको उभी होती. रंभा. बाईंचीच विद्यार्थिनी. ती केव्हा आली ते आम्हाला कळलं नाही. तिच्या हातात एक पत्र्याची पेटी होती, झाकणावर मुंबईचा शिक्का असलेली.

"ही म्हशीची पेटी, बाई," ती म्हणाली. "मी विचारलं होतं ह्यांना, म्हशीची पेटी वेगळी कशाला? म्हणाले, बायकांना कळायचं नाही."

"रंभे, आत जा!" अण्णा ओरडले.

रंभा आत गेली नाही. तिने पेटी माझ्या हातात ठेवली. "धावा, डॉक्टर."

६

मी धावलो.

मालूच्या खोलीत मी ती पहिली सुई दिली, ठरल्या वेळी दुसरी, मग पुढच्या. चंदरला ह्या वेळी मी खात्रीचा एक शब्दही बोललो नाही. उजाडताना तिच्या कपाळावर घाम आला. मी हात लावून पाहिला, पुन्हा पाहिला, मग बाहेर वाळूवर जाऊन उभा राहिलो. समोर खवळलेला समुद्र, आणि मागे झोपडीत चिमूटभर पूड एका बाईला मरणाच्या दारातून ओढून आणत होती. मला दोन्हींची सारखीच धास्ती वाटली. मी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही.

पूर ओसरल्यावर पोलिसांना वाडीच्या शेडमध्ये रिकाम्या बाटल्या, बुचं आणि पिठाची पोती सापडली. शितावरून भाताची परीक्षा, तसं पुढे सगळं निघत गेलं. चिकूच्या करंड्यांतून ह्या बाटल्या तलासरीच्या पाड्यांपर्यंत गेल्या होत्या, हद्दीपलीकडेही. खरं औषध उलट्या वाटेने, जिथे जास्त किंमत येते तिथे. अण्णांच्या वर मुंबईत आणखी कुणी होतं, आणि त्याच्याही वर. फौजदार ते सांगत होता आणि मला फक्त पाड्यांवरच्या त्या बायका दिसत होत्या, ज्यांच्या मरणाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. ताप होता, सुई दिली, गेली. एवढ्यावर मिटलेलं.

मालू शुद्धीवर आली तेव्हा मी आणि बाई तिथेच होतो. तिने पेज मागितली. दोन घोट घेतले. मग दुसऱ्या पोराचा रडण्याचा आवाज ऐकून मान वळवली.

"मैनाचं पोर रडतंय," ती चंदरला म्हणाली. "तिला द्या की. भुकेलंय."

चंदर उठला नाही. म्हातारीने पदर तोंडात कोंबला. मालूने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग रिकाम्या कोपऱ्याकडे, जिथे मैनाची बाज होती.

सांगायची गरज उरली नव्हती. मालूने डोळे मिटून घेतले. पाणी कानाशी ओघळलं, ते तिने पुसलं नाही. मग तिने आपल्या पोराला जरा बाजूला सरकवलं आणि दुसरा हात पुढे केला.

"आणा इकडं," ती म्हणाली.